ल्युपस: सांधे बरे झाले, तरी परत परत तपासण्या कशाला?

शाहूपुरीकर
ल्युपसची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) पेशंट, माझी बहीण. वय २४, वजन ४८ किलो, निदान होऊन आठ महिने. सध्या एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) २०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ एकेक आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १० मिलिग्रॅम सकाळी. सांधेदुखी आणि गालावरचे चट्टे गेलेत. ताजे रिपोर्ट: सी३ ५८, सी४ ६ (आजार जोरात असला की घटणारी रक्तातली प्रोटीन्स), डीएसडीएनए (स्वतःच्याच डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, लघवीत प्रोटीन १+, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढतं) ०.९ (निदानाच्या वेळी ०.५). घरचे म्हणतात, दुखत नाही तर सारखं रक्त कशाला काढायचं? पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. तोवर थांबलं तर चालेल का? आणि पुढे कुणाला गंभीर होणार, हे कशावरून ओळखतात?

लॅबवाला_गडहिंग्लज
थांबू नका दादा. सांधे शांत म्हणजे आजार शांत, हा हिशेब ल्युपसमध्ये फसतो. किडनी दुखत नाही. ल्युपसच्या साधारण ४० टक्के पेशंटना कधी ना कधी किडनीचा त्रास होतो, आणि तो बहुतेक पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो. कमी वयात आजार सुरू झालेले, पुरुष (त्यांना ल्युपस कमी होतो, पण झाला की किडनी जास्त वेळा सापडते), डीएसडीएनए चढलेलं आणि सी३-सी४ पडलेले, बीपी वाढलेलं, गोळ्या मध्येच सोडणारे: धोका यांना जास्त. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टात यातल्या तीन गोष्टी आहेतच.

क्रिएटिनिन ०.९ पुढे लॅबचा कागद 'नॉर्मल' छापतो, म्हणून कुणी बघत नाही. पण ४८ किलोच्या मुलीत ०.५ वरून ०.९ म्हणजे जवळजवळ दुप्पट. आकडा छापील रेंजशी नाही, तिच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघायचा.

आता लघवी. १+ वर विसंबू नका. पाणी जास्त प्यालं की पट्टी कमी दाखवते, कमी प्यालं की जास्त. 'प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो' लिहून घ्या. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. पाळीच्या दिवसांत नको, रक्त मिसळतं. ताप असताना किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत झाली असेल तरी नको, आकडा खोटा वाढतो. सोबत मायक्रोस्कोपी सांगा आणि सॅम्पल तासाभरात पोचवा. लाल पेशींचे कास्ट (किडनीच्या नळ्यांत बनलेले साचे) ठेवलेल्या लघवीत विरघळून जातात आणि नेमका तोच पुरावा हातचा जातो. रेशो ०.५ च्या वर (काही लॅब तोच ५०० लिहितात) आणि दुसऱ्या सॅम्पललाही तसाच आला, तर डॉक्टर बायोप्सीचा (सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा) विचार करतात.

औषधवाला
एक गोष्ट राहिली. एचसीक्यूचा डोस वजनावर असतो, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत. ४८ किलोला २४० होतात, इथे ४०० चालू आहे. सुरुवातीला आजार जोरात असताना डॉक्टर मुद्दाम जास्त ठेवतात, त्यामुळे स्वतःहून कमी करू नका. कमी डोसवर आजार उसळतो हेही तितकंच खरं. मात्र हे औषध किडनीवाटेही बाहेर पडतं. किडनी मंदावली की ते अंगात साठतं आणि डोळ्याच्या पडद्याला धोका वाढतो. म्हणून वजन आणि क्रिएटिनिन दोन्ही दाखवून डोस विचारा. पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा, पुढे पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनी बिघडलेली असेल तर दरवर्षीची तपासणी आधीच सुरू होते.

प्रेडनिसोलोन एकदम बंद करायचं नाही. महिनोन्‌महिने घेतल्यावर अंगातलं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, इंजेक्शन लागतं. लांबचं लक्ष्य दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नेऊ नका, अशा किडनीला ते परवडत नाही.

शाहूपुरीकर
सकाळचं सॅम्पल दोनदा दिलं. रेशो ०.८२, मग ०.७९. डॉक्टरांनी उद्याच बोलावलंय. बायोप्सी करायचीच का? घरी आई घाबरलीय.

पन्हाळा_नर्स
आईंना सांगा, सुई सोनोग्राफीत बघून घालतात, जागा बधिर करून. नंतर काही तास उताणं पडून राहायचं आणि लघवी लाल येते का ते बघायचं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायची. बीपी आटोक्यात नसेल तर त्या दिवशी करत नाहीत.

बायोप्सीत क्लास (किडनीतल्या आजाराचा प्रकार) कळतो, आणि औषध त्यावर ठरतं. क्लास ३ आणि ४ ला जोरदार उपचार लागतात, क्लास २ ला बहुतेक वेळा नाही. नुसत्या लघवीच्या आकड्यावरून हे कळत नाही. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) लिहिलं, तर ते चालू असताना दिवस राहता कामा नयेत, आणि मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी बंद करावं लागतं. गर्भनिरोधक गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने गुठळीचा धोका वाढतो.

त्यासाठीच अँटिफॉस्फोलिपिडच्या (गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडींच्या) तिन्ही तपासण्या झाल्यात का बघा: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी परत.

लॅबवाला_गडहिंग्लज
ताईंच्या मुद्द्याला जोड. 'अँटिकोॲग्युलंट' नाव ऐकून लोकांना वाटतं रक्त पातळ होत असेल. अंगात ते उलट गुठळ्या करतं. तपासणीचं रक्त हेपॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) सुरू होण्याआधी द्यायचं, निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरायची. तालुक्यावरून एसटीने पाठवलेली अर्धी नळी म्हणजे वाया गेलेले पैसे.

रंकाळा_वॉक
इम्युनिटीला गुळवेलीचा काढा द्या, आमच्या गल्लीत सगळे घेतात.

पन्हाळा_नर्स
दादा, ल्युपसमध्ये इम्युनिटीच आपल्या अंगावर उठलेली असते, तिला आणखी कशाला जोर? कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले पेशंट नोंदवले होते, आणि त्यांतल्या काहींना आधीपासून असेच स्वतःच्या शरीरावर उलटणारे आजार होते.

ताप १००.४ च्या वर गेला तर 'ल्युपसच असेल' म्हणून स्टेरॉइड वाढवू नका. ल्युपस उसळला तरी सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) बहुतेक फार चढत नाही. तो खूप चढला तर आधी इन्फेक्शन शोधायचं. पावसाळ्यात डेंग्यूनेही प्लेटलेट पडतात आणि ल्युपसनेही, म्हणून डेंग्यूची तपासणी सोबतच. पंचगंगेचं पाणी चढल्यावर त्यातून चालणं झालं असेल तर लेप्टोचंही (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचंही) डॉक्टरांना सांगा. आणि मीठ दिवसाला छोटा चमचाभरच, पांढऱ्या रश्श्यातलं आणि लोणच्यातलं धरून.