मुलाला कॉलेजच्या सामन्यांचा प्ले-बाय-प्ले समालोचक व्हायचंय. माहितगारांचा सल्ला हवा

अबोली_इंडी
नमस्कार मंडळी,

आम्ही इंडियानापोलिसच्या उत्तरेला राहतो. मुलगा ज्युनिअर आहे, म्हणजे आपली अकरावी. आठवीपासून त्याने एकच धरलंय, कॉलेजच्या सामन्यांचं प्ले-बाय-प्ले करायचं. खेळाडू किंवा कोच नाही, स्टुडिओत बसून चर्चाही नाही. सामना चालू असताना जो माणूस तो आपल्याला सांगत असतो, तो व्हायचंय.

मूळ कारण डॉन फिशर. इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉलचा हा आवाज १९७३ मध्ये सुरू झाला आणि पन्नास वर्षं उलटली तरी लोकांना तोच हवा होता. लेकाला शनिवारी मराठी शाळेतून आणताना गाडीत रेडिओ लावलेला असायचा. घर आलं तरी तो उतरायचा नाही.

गेल्या वर्षापासून तो शाळेच्या बास्केटबॉल स्ट्रीमवर हेडसेट लावून बसतो. आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. वॉर्म-अप चालू असताना समोरच्या टीममधल्या मुलांना गाठून "तुझं नाव नक्की कसं म्हणायचं?" असं विचारतो. त्याच्या स्वतःच्या नावाचे शाळेत इतकी वर्षं जे हाल झाले, त्यातूनच हे आलं असावं.

बाबांचं म्हणणं, छंद म्हणून कर, शिक्षण इंजिनिअरिंगचं घे. मला कोणाचीच बाजू घ्यायची नाही, आधी नीट समजून घ्यायचंय. कॉलेज कुठलं बघावं? यात पोट भरतं का? सोबत दुसरा मेजर (मुख्य विषय) घ्यावा का? आणि भारतीय नाव आडवं येतं का? कोणी या क्षेत्रात असेल किंवा जवळून पाहिलं असेल तर कृपया लिहा.

मोगरा७
सिरॅक्यूज. तिथलं पत्रकारितेचं न्यूहाउस स्कूल आणि विद्यापीठाचं रेडिओ स्टेशन डब्ल्यूएईआर. मार्व्ह अल्बर्ट, बॉब कॉस्टस, माइक टिरिको, इयन ईगल हे नावाजलेले समालोचक सगळे तिथूनच आले. मिळत असेल तर दुसरा विचार करू नका.

आणि नावाचं म्हणाल तर अनिश श्रॉफ. हाही सिरॅक्यूजचाच, ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर कॉलेज फुटबॉल आणि लॅक्रॉस करतो. २०२२ पासून एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या कॅरोलायना पँथर्सचा रेडिओवरचा आवाज आहे. नाव बदललं नाही, आखूडही केलं नाही.

चौथा_डाऊन
अबोलीताई, तुमच्या मुलाचं वाचून बरं वाटलं. मी दिवसा आयटीत असतो. बारा सीझन झाले, एका विद्यापीठाच्या फुटबॉलच्या रेडिओ बूथमध्ये स्पॉटर म्हणून बसतो. समालोचकाच्या डाव्या खांद्याला खांदा लावून. त्यामुळे हे काम एका हाताच्या अंतरावरून पाहिलंय.

मोगरा७ यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. सिरॅक्यूजचं नाव मोठं आहे, तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांची साखळी खरंच कामाला येते. पण तिथे प्रत्येक वर्गात तुमच्या लेकासारखी मुलं डझनाने येतात आणि माइक मोजकेच. पहिली दोन वर्षं बातम्या वाचण्यात आणि केबल गुंडाळण्यात गेली तर त्याच्या हातात टेप, म्हणजे स्वतःच्या समालोचनाचं रेकॉर्डिंग, किती जमणार? या धंद्यात डिग्री कोणी विचारत नाही, टेप मागतात. पाच मिनिटं ऐकतात आणि ठरवतात. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा चारच गोष्टी विचारा. फ्रेशमनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलाला, माइक मिळतो का, कुठल्या खेळांवर, वर्षाला साधारण किती सामने, आणि त्याची टेप बसून ऐकणारं कोणी आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

तुमच्या जवळच दोन पर्याय आहेत. मन्सीला बॉल स्टेट विद्यापीठाचं स्पोर्ट्स लिंक, तिथे विद्यार्थीच सामन्यांचं प्रॉडक्शन करतात. दुसरं ब्लूमिंग्टन, म्हणजे इंडियाना विद्यापीठ. डब्ल्यूआययूएक्स हे विद्यार्थ्यांचं रेडिओ स्टेशन आहे, शिवाय इंडियाना बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडागटात (कॉन्फरन्समध्ये) असल्यामुळे बिग टेन नेटवर्कचा विद्यार्थ्यांसाठीचा स्टुडंट-यू कार्यक्रम. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल असे सामने मुलं स्वतः करतात. आणि इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी. हे मी आधी लिहायला हवं होतं, कारण या क्षेत्रात डोक्यावर कर्ज घेऊन उतरलेल्या मुलांची पहिली पाच वर्षं फार ओढाताणीची जातात. मी पाहिली आहेत.

आता काम कसं असतं ते. तुमच्या टेबलावरचे ते कागद म्हणजेच स्पॉटिंग बोर्ड. फुटबॉलमध्ये हा मोठा पुठ्ठा असतो. आमच्या समालोचकाचा साधारण दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवावीत एवढा. प्रत्येक पोझिशनचा एक चौकोन, त्यात मोठ्या अक्षरात नंबर, खाली नाव, वर्ष, गाव आणि त्या मुलाबद्दल एकच ओळ. पहिल्या फळीतला वर, त्याचा बदली खाली. आक्रमण एका रंगात, बचाव दुसऱ्या. तो हे सगळं हाताने लिहितो. एका टीमला दीड दिवस लागतो. मी एकदा म्हटलं, एक्सेलमध्ये करून देतो. तो म्हणाला, लिहिताना पाठ होतं, छापलेलं पाठ होत नाही.

कॉलेज फुटबॉलची एक भानगड व्यावसायिक लीगमध्ये नाही. टीममध्ये शंभरच्या आसपास पोरं, त्यामुळे एकच नंबर दोघांना दिलेला असतो, एक आक्रमणात आणि एक बचावात. पंट किंवा किकऑफच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने समोरच्यांकडे उडवतात तेव्हा, कोणता सात नंबर पळतोय हे दुर्बिणीतून ओळखून मी पुठ्ठ्यावर बोट ठेवतो. तो खाली बघतही नाही, नजरेच्या कडेतून बोट दिसतं आणि नाव तोंडातून बाहेर पडतं. साडेतीन तास हे चालतं. सामना संपला की त्याचा शर्ट घामाने भिजलेला असतो, बाहेर बर्फ पडत असला तरी.

मुलाला आजपासून करण्यासारखं सांगतो. एक, रेडिओसाठी बोलायची सवय. स्ट्रीमवर चित्र दिसतं म्हणून मुलं आळसावतात. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही असं धरायचं. चेंडू कुठे आहे, कोणाकडे आहे, टीम डावीकडून उजवीकडे जातेय की उलट. दोन, स्कोअर आणि वेळ. जुने समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू संपली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. नुकताच रेडिओ लावलेल्या माणसाला पहिली हीच गोष्ट हवी असते. तीन, स्वतःची टेप दुसऱ्या दिवशी ऐकायची. त्याच रात्री ऐकली तर सगळं छान वाटतं.

पैशाचं मी लिहीत नाही, इथे कोणी जास्त अनुभवी असेल.

लेकीची_आई
पैशाचं मी लिहिते. माझ्या मुलीने हेच केलंय.

ती डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात खालच्या गटातल्या, छोट्या कॉलेजात गेली. आम्हाला वाटलं, काय हे, कोण ऐकणार. पण पहिल्याच महिन्यात तिला व्हॉलीबॉलचा माइक मिळाला, कारण दुसरं कोणी नव्हतंच. चार वर्षांत सात खेळ केले. बाहेर पडली तेव्हा टेपचा साठा तिच्या मोठ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीच्या तिप्पट होता. चौथा_डाऊन म्हणतात ते शंभर टक्के खरं.

त्यानंतरची तीन वर्षं मात्र अवघड गेली. एका सामन्याचे ७५ डॉलर, त्यात दोन तास ड्रायव्हिंग. उन्हाळ्यात मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीवरचं व्यावसायिक बेसबॉल. तिथे समालोचकच दुपारी तिकिटं विकतो, प्रेसनोट लिहितो आणि पाऊस आला की ताडपत्री ओढायलाही धावतो. २०२१ मध्ये मेजर लीगशी संलग्न टीम १६०च्या आसपास होत्या त्या १२० केल्या, म्हणजे ती पायरीही अरुंद झाली. एका ठिकाणी पूर्णवेळ नोकरीचा तोंडी शब्द दिला आणि सीझन संपल्यावर फोनच उचलला नाही. ती तेव्हा दोन महिने घरी होती. आरोग्यविमा आमच्याकडचा होता म्हणून निभावलं. अमेरिकेत सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत मुलं पालकांच्या विम्यात राहू शकतात. हे वर्ष डोक्यात ठेवूनच आखणी करा.

आता ती एका विद्यापीठात पूर्णवेळ आहे. पण नोकरी समालोचनाची नाही, स्पोर्ट्स कम्युनिकेशनची. आकडेवारी, वेबसाइट, पत्रकारांना माहिती, आणि त्यासोबत महिला बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉलचा माइक. पगार शिक्षिकेइतका धरा. नुसतं बोलून घर चालवणारे थोडे. मोठ्या विद्यापीठाचा आवाज म्हणून ज्याला सगळे ओळखतात, त्यालाही बऱ्याचदा पगार विद्यापीठ देत नाही. लिअरफील्ड किंवा प्लेफ्लायसारख्या कंपन्या प्रसारणाचे हक्क घेतात, तो त्यांचा माणूस असतो. त्यामुळे जाहिराती आणणं, स्पॉन्सरच्या जेवणांचं सूत्रसंचालन करणं हेही कामातच येतं.

म्हणून दुसऱ्या मेजरबद्दल माझं मत, घ्यावा, पण याच कामाला जोडून येणारा. मार्केटिंग, व्हिडिओ एडिटिंग, संख्याशास्त्र. इंजिनिअरिंग करून हे जमणार नाही. फुटबॉलचा शुक्रवार-शनिवार आणि प्रयोगशाळेचा अहवाल एकत्र येतात तेव्हा मुलगा कुठला निवडेल हे तुम्हाला आत्ताच माहीत आहे.

मुलींबद्दल कोणी वाचत असेल तर, बेथ मोविन्सने २०१७ मध्ये एनएफएलचा सामना केला. त्याआधी बाईच्या आवाजात नियमित सीझनचा सामना झाला होता १९८७ मध्ये. तीस वर्षं मध्ये गेली. तो सामना आम्ही दोघींनी उभं राहून पाहिला.

चौथा_डाऊन
लेकीची_आई यांनी लिहिलेलं प्रत्येक पालकाने वाचावं. एक भर घालतो. मोठ्या खुर्च्या रिकाम्याच होत नाहीत. केंटकीला कॅवूड लेडफर्ड १९५३ ते १९९२. नॉर्थ कॅरोलायनाला वुडी डरहॅम १९७१ ते २०११. एका खुर्चीवर चाळीस वर्षं. डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटात साडेतीनशेहून जास्त विद्यापीठं आहेत, पण अशी खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत आयुष्य आखता येत नाही. त्यात २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते पैसे कुठून तरी काढायचे, म्हणून बाकीच्या खर्चाला कात्री. काही ठिकाणी रेडिओ आणि स्ट्रीमला एकच आवाज वापरतात.

उलट बाजूने, स्ट्रीमिंगमुळे ज्या खेळांना कधी माइकच नव्हता त्यांना मिळाला. ईएसपीएन प्लस ही स्ट्रीमिंग सेवा २०१८ मध्ये आली तेव्हापासून छोट्या कॉन्फरन्समधले किती तरी सामने कॅम्पसवरूनच जातात. कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, लॅक्रॉस. मुलाला बास्केटबॉलखेरीज असा एक खेळ मनापासून शिकू द्या. कुस्तीचं नीट सांगणारा माणूस मिळत नाही हो.

जुना_श्रोता
मी पुण्यात असतो, अमेरिकन फुटबॉल कधी पाहिला नाही. पण ऐकण्याबद्दल लिहितो.

आमच्या लहानपणी आकाशवाणीवर बाळ ज. पंडित क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीतून करायचे. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. वाड्यात एकच रेडिओ, तो खिडकीत ठेवायचा आणि आम्ही दहा-बारा पोरं खाली अंगणात. चेंडू कव्हरमधून जातोय हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर मैदानाची तीच बाजू यायची. पुढे कितीतरी वर्षांनी मी स्टेडियममध्ये गेलो तेव्हा मैदान ओळखीचं वाटलं.

मुलाला सांगा, आजी-आजोबांना फोनवर एक सामना सांग. ज्यांना खेळ कळत नाही अशांना. त्यांना कुठे चुकल्यासारखं होतं ते ते लगेच विचारतील.

प्रवासी_मीरज
धाग्यात घुसतोय, माफ करा. मी मास मीडिया केलंय, शाळा-कॉलेजात कबड्डीचं समालोचन केलंय. अमेरिकेत मास्टर्स करून यात शिरता येईल का?

चौथा_डाऊन
प्रवासी_मीरज, कॅम्पसवरचं विद्यार्थी स्टेशन जरूर करा. पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच, आणि बाहेरच्या कुठल्या स्ट्रीमवर पैसे घेऊन एक सामना केला तरी ती परवानगीशिवाय नोकरी ठरते. पत्रकारितेच्या डिग्रीवर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी, सहसा १२ महिन्यांची. इथे स्थानिक मुलांनाच जमायला पाच-सात वर्षं लागतात. एवढा खर्च करून येऊ नका असं मी माझ्या भावालाही सांगेन. कबड्डीची टेप तयार आहे ना? ती तिकडेच दाखवा. मराठीतून कबड्डी सांगणाऱ्यांची गरज तिकडे आहे.

अबोलीताई, मुलासाठी एक गोष्ट राहिली. प्रसिद्ध बेसबॉल समालोचक व्हिन स्कलीची. १९४९, नुकतेच फोर्डहॅम विद्यापीठातून बाहेर पडलेले. रेड बार्बरने त्यांना बॉस्टनच्या फेनवे पार्कला मेरीलँड विरुद्ध बॉस्टन विद्यापीठ हा फुटबॉलचा सामना करायला पाठवलं. बूथ मिळेल म्हणून ते कोट हॉटेलवरच ठेवून गेले. मिळालं छप्पर. नोव्हेंबरची थंडी, हातात माइक आणि लांबलचक वायर. अख्ख्या प्रसारणात त्यांनी थंडीचा उल्लेख केला नाही. बार्बरना ते नंतर दुसऱ्यांकडून कळलं आणि पुढच्याच वर्षी स्कली डॉजर्स या बेसबॉल टीमच्या बूथमध्ये होते. तिथे ६७ सीझन. आमचा समालोचक प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे सांगतो आणि मग विचारतो, कोट आणलास का?

अबोली_इंडी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दोघांनीही वाचला, बापलेकांनी. विम्याचा मुद्दा वाचून बाबांनी वही काढली. सध्या तरी बॉल स्टेट आणि ब्लूमिंग्टन बघायला जायचं ठरलंय, आणि ते चार प्रश्न बाबाच विचारणार आहेत.

मुलाने मंगळवारच्या सामन्याची टेप दुसऱ्या दिवशी ऐकली. आठ मिनिटांच्या पहिल्या क्वार्टरमध्ये स्कोअर तीनदा सांगितला होता. शुक्रवारी चिवड्याच्या बरणीशेजारचं अंडी उकडायचं टायमर उचलून घेऊन गेला. परत मोजलं, नऊ वेळा. पण आता वेगळीच अडचण आलीय. टायमर वाजला की तो चालू वाक्य मध्येच तोडून स्कोअर सांगतो.

आणि काल रात्री सांगलीला आजीला फोन लावून अख्खा चौथा क्वार्टर मराठीत सांगितला. आजीने विचारलं, "अरे, पण आपली पोरं कुठल्या बाजूला आहेत?" त्याने ते वहीत लिहून घेतलं.

चौथा_डाऊन
आजींनी नेमकं पकडलं. हेच मी "डावीकडून उजवीकडे" म्हणत होतो.

टायमरचं सांगा त्याला, वाळूचं घे, वाजणारं नको. वाळू संपलेली दिसते, वाक्य पूर्ण करायला वेळ मिळतो. शुक्रवारची फाइल पाठवा. पहिला क्वार्टर आणि शेवटची तीन मिनिटं ऐकून रविवारपर्यंत कळवतो.