प्रकाशाने औषध सोडणारे सूक्ष्म कण : तोंडाच्या कर्करोगात कितपत उपयोगी?

वेदगंगा (निपाणी)
माझ्या आत्याने आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत काम केले. तिच्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग निघाला असून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. प्रकाश पडेल तेथेच औषध सोडणारे नॅनोकण असतात असे वाचले. शरीराच्या आत प्रकाश पोहोचतो कसा आणि हा उपचार आज मिळतो का?

मार्कंडेय (बेळगाव)
औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून लिहितो. दृश्य प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते आणि लांब अवरक्त लहरी पाणी शोषते. या दोहोंमधल्या साधारण 650 ते 950 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात मात्र प्रकाश ऊतींत त्यातल्या त्यात खोल शिरतो, तरी उपचाराला पुरेल इतका तो काही मिलिमीटरच जातो. सोन्याच्या नॅनोदांड्या हा प्रकाश घेऊन तापतात आणि त्या उष्णतेने लिपोसोमचे (औषध भरलेल्या सूक्ष्म पिशवीचे) मेदाचे आवरण सैल होऊन आतले औषध बाहेर पडते. दुसऱ्या मार्गात औषधाला बांधणारा रासायनिक बंधच प्रकाशाने तुटतो, पण त्याला बहुधा अतिनील किरण लागतात आणि ते त्वचेतच अडतात. म्हणून यिटर्बियम आणि थुलियम ही मूलद्रव्ये असलेले कण 980 नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन जागेवरच अतिनील निर्माण करतात. या लहरीने ऊतींतले पाणीही तापते, ही त्यातली मोठी अडचण आहे. तोंडापर्यंत प्रकाश नेणे सोपे आहे, पण हे दोन्ही मार्ग अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहेत.

मलप्रभा (खानापूर)
सरांच्या म्हणण्याला जोड देते. 2000 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डोळ्यांचे औषध व्हर्टेपॉर्फिन लिपोसोममधूनच देतात, परंतु तेथे 689 नॅनोमीटरचा प्रकाश औषध सोडत नाही, तर रक्तात आधीच पोहोचलेले औषध जागे करतो. जपानने 2020 मध्ये डोके-मानेच्या कर्करोगासाठी प्रकाशसंवेदी रंगद्रव्य जोडलेले प्रतिपिंड (कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे प्रथिन) मान्य केले, तेही शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या रुग्णांसाठी. तुमच्या आत्याची शस्त्रक्रिया होऊ शकते, हीच मोठी जमेची बाजू आहे. नव्या उपचाराच्या आशेवर ती तारीख कृपया पुढे ढकलू नका.

वेदगंगा (निपाणी)
दोघांचेही आभार. तारीख बदलणार नाही. एक शंका उरते: अशी औषधे घेतलेल्या माणसाला आपल्याकडच्या उन्हाचा त्रास होत नाही का?

मार्कंडेय (बेळगाव)
होतो. फोटोफ्रिन हे प्रकाशाने जागे होणारे कर्करोगाचे औषध घेतल्यावर किमान 30 दिवस त्वचा आणि डोळे उन्हापासून जपावे लागतात, कारण ते औषध त्वचेत रेंगाळते. शेतात राबणाऱ्या माणसाला महिनाभर घरात बसवणे किती कठीण आहे, हे आपल्या भागात वेगळे सांगायला नको. म्हणून प्रकाश पडेपर्यंत औषध पूर्ण बंदिस्त ठेवणाऱ्या कणांवरचे संशोधन मला फार मोलाचे वाटते.