प्लास्टिकच्या अस्तराखालचे घर्षण वारंवार भार आल्यावर किती उरते?

प्रश्न
कचराभूमीच्या उतारावर १.५ मिमी जाडीचे एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिइथिलीन प्लास्टिक) अस्तर आहे. त्याची वरची बाजू खरबरीत असून तिच्यावर जिओटेक्स्टाइल (कृत्रिम तंतूंचे कापड) आहे. खालची बाजू गुळगुळीत असून ती दाबून बसवलेल्या चिकणमातीवर टेकते. माझ्याकडे ३०० मिमी पेटीतील थेट कर्तन चाचणीचे (दोन पृष्ठे दाबाखाली एकमेकांवरून सरकवून विरोध मोजणे) आकडे आहेत, परंतु ते एकाच दिशेने संथपणे ओढून मिळवलेले आहेत. भूकंपात हीच पृष्ठे मागेपुढे घासली जाणार असल्याने कमाल घर्षणकोनाला (घर्षण-विरोध दाखवणारा कोन) सरसकट एक घटगुणक, म्हणजे तो कमी करणारा गुणक, लावावा का?

उत्तर १
सरसकट गुणक लावू नये, कारण दोन्ही पृष्ठांची झीज वेगवेगळ्या रीतीने होते. खरबरीत बाजूवर विरोध मुख्यतः जिओटेक्स्टाइलचे तंतू उंचवट्यांत अडकल्यामुळे निर्माण होतो. घसरण वाढू लागली की हे तंतू ओढले जातात, तुटतात किंवा एका दिशेने झोपतात, शिवाय उंचवटेही घासले जातात, आणि गेलेला विरोध पुढच्या आवर्तनात (मागेपुढे होणाऱ्या एका फेरीत) परत येत नाही. त्यामुळे आवर्तनांच्या संख्येपेक्षा एकूण घसरणीचे अंतर महत्त्वाचे ठरते. कर्तनताण (पृष्ठावर सरकवणारा ताण) कमाल मर्यादेच्या बराच खाली राहिला, तर आवर्तने वाढूनही फारसे बिघडत नाही. गुळगुळीत अस्तर आणि वाळू अशी जोडी असती, तर कमाल व अवशिष्ट (बरीच घसरण झाल्यावर उरणाऱ्या) कोनांत थोडाच फरक पडला असता. कण टोकदार आणि दाब मोठा असल्यास अस्तरावर ओरखडे पडून विरोध किंचित वाढतोदेखील.

उत्तर २
मला खालच्या बाजूची अधिक काळजी वाटते. अस्तरातून पाणी झिरपत नाही आणि चिकणमातीतून ते फार हळू सरकते; त्यामुळे जलद आवर्तनांत वाढलेल्या छिद्रजलदाबाला (मातीच्या छिद्रांतील पाण्याच्या दाबाला) ओसरायला वेळच मिळत नाही आणि पृष्ठांना एकमेकांवर दाबून धरणारा प्रभावी लंब दाब घटतो. १९८८ साली कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे कचऱ्याचा भराव अस्तरांच्या पृष्ठांवरून घसरला, तोही भूकंप नसताना. ओली चिकणमाती आणि गुळगुळीत प्लास्टिक यांवर कमाल सामर्थ्य गृहीत धरणे मला तरी धाडसाचे वाटते.

प्रश्नकर्ता
मग संकल्पनासाठी (डिझाइनसाठी) कोणते पृष्ठ धरावे?

उत्तर १
त्या क्षणी जे दुर्बल असेल ते. आणि ते बदलू शकते, कारण वरच्या बाजूचा कमाल विरोध संपल्यावर घसरण खालून वर सरकण्याची शक्यता असते. न्यूमार्क पद्धतीने (भूकंपात उतार किती सरकेल याचा अंदाज काढण्याची पद्धत) विस्थापन काढताना उंबरठा-त्वरण, म्हणजे ज्या त्वरणाला घसरण सुरू होते ते, अवशिष्ट कोनावरून घ्यावे. कोन ११ अंश असल्यास सपाट तळावर ते सुमारे ०.१९ g (g म्हणजे गुरुत्वीय त्वरण) येते आणि उतारावर त्याहून कमी. अस्तरासाठी १५० ते ३०० मिमी विस्थापन सहसा स्वीकारले जाते. चाचणी नव्याने करून घेणार असाल, तर प्रयोगशाळेला तोच नमुना आधी मोठ्या विस्थापनापर्यंत ओढून, न बदलता, मग आवर्ती भाराखाली तपासायला सांगावे. चिकणमातीच्या पृष्ठाची चाचणी मात्र भिजवलेल्या अवस्थेतच घ्यावी.