मदत हवी आहे: आईच्या खोलीला अटॅच्ड बाथरूम, पण उतार कसा काढायचा?

चिपळूणजवळ आमचं जांभ्याचं जुनं घर आहे. संडास अंगणापलीकडे. आईचे गुडघे दुखतात, त्यात पावसात रात्री अंगण ओलांडायचं म्हणजे शेवाळावरून कसरतच. म्हणून तिच्या खोलीच्या कोपऱ्यात ४ बाय ७ फुटांचं बाथरूम काढायचंय, कमोडसकट.

घोडं अडलंय उतारापाशी. सेप्टिक टँकपर्यंत ४ इंची पाइप २५ फूट न्यावा लागेल. ४० फुटांना १ फूट उतार धरला तरी ७-८ इंच जातात. गवंडी म्हणतो, बाथरूमची जमीन वर घ्या. मग आईने रोज पायरी चढायची का? मागे विहीर, त्यामुळे टाकी तिकडे नको.

त्यापेक्षा बाहेरून खोली जोडून जांभ्यात दार फोडलं तर? दारावर लिंटेल (आडवी तुळई) टाकून भिंत धरेल ना? असं काम कुणी केलं असेल तर खर्चासकट सांगा.