कॉस्ट-प्लस करारात ‘कॉस्ट’ म्हणजे नेमकं काय लिहून घ्यायचं?

नवंजोतं:
घर बांधायला घेतोय. कंत्राटदार कॉस्ट-प्लस म्हणतोय: येईल तो खर्च आमचा, वर १२ टक्के त्याचे. नकाशे अर्धवट आहेत, म्हणून ठोक रक्कम सांगायला तयार नाही. करारात फक्त ‘प्रत्यक्ष खर्च’ असं लिहिलंय. अजून काय लिहून घ्यावं? टक्क्यांऐवजी ठरावीक फी मागता येईल का?

ओळंबा:
पुढची भांडणं त्या दोन शब्दांवरूनच होतात. खर्च म्हणजे सवलत वजा करून साहित्याची बिलं, हजेरीपटाप्रमाणे मजुरी, भाड्याचं सेंट्रिंग आणि मिक्सर, उपकंत्राटदारांची बिलं. त्याचं ऑफिस, फोन, स्वतःची हत्यारं आणि देखरेख हे सगळं १२ टक्क्यांतच आलं, असं स्पष्ट लिहा.

सर्वात महत्त्वाचं कलम दुरुस्तीचं. ओळंब्यात नसलेली भिंत पाडून पुन्हा बांधली, तर करारात काही नसल्यास दोन्ही वेळचा खर्च तुमचा आणि त्या दोन्हींवर टक्केही द्यायचे! चुकलेलं काम त्याच्या खर्चाने, हे वाक्य हवंच.

टक्के करापूर्वीच्या रकमेवर धरा. उपकंत्राटदाराचंही बघा: त्याचा खर्च १००, त्यावर त्याचा नफा १५ टक्के, म्हणजे बिल ११५. त्यावर मुख्य कंत्राटदाराचे १२ टक्के, की तुम्हाला पडले १२८.८०. उपकंत्राटावर कमी टक्के मागण्यात गैर काही नाही.

तगारी:
फीबद्दल. अंदाज १०० चा असेल तर १२ टक्क्यांनी त्याला १२ मिळतात. खर्च १२० वर गेला की १४.४०. म्हणजे काटकसर केली तर त्याचंच नुकसान. फी १२ वर गोठवली की हा मोह जातो. फक्त तुम्ही खोली वाढवली तर फी किती वाढेल, हेही आधीच ठरवा, नाहीतर तो अडून बसेल आणि त्याचंही चुकणार नाही.

खर्चाला कमाल मर्यादाही घालता येते: वर गेलं तर त्याच्या खिशातून, खाली राहिलं तर बचत वाटून. पण अर्धवट नकाशांवर मर्यादा मागितली तर तो ती फुगवूनच सांगणार. त्यापेक्षा जमिनीखाली काय निघेल ते माहीत नसतं म्हणून जोत्यापर्यंत कॉस्ट-प्लस ठेवा, आणि तोवर नकाशे पूर्ण करून वरचं काम ठोक किंवा आयटम रेटवर (प्रत्येक कामाचा ठरलेला दर गुणिले झालेलं माप) द्या.

गजमोज्या:
नुसती बिलं बघून भागत नाही, माल साइटवर उतरला का तेही बघा. बिलासोबत माल पोचल्याचं चलान, चलानावर तुमच्या माणसाची सही.

लोखंडाचा हिशोब सोपा: मिमीमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ मिमीचा १२ मीटर लांब गज साधारण १०.६७ किलो. नकाशाप्रमाणे वजन काढा, तोडताना वाया जाणाऱ्या तुकड्यांसाठी ३ ते ५ टक्के जोडा; त्याहून जास्त आलं तर विचारा. १:१.५:३ च्या (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीटला घनमीटरमागे सिमेंटच्या ५० किलोच्या सुमारे ८ गोण्या. स्लॅब झाला की त्याच आठवड्यात ताळा घ्या. प्लास्टर सुरू झाल्यावर कोणती गोणी कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. उरलेला माल आणि भंगार तुमचं, परत दिलेल्या मालाचे पैसे खर्चातून वजा.

नवंजोतं:
फरशा, नळ आम्हीच आणले तर त्यावरही टक्के द्यायचे?

ओळंबा:
आधी ठरलं नसेल तर तो मागेल. उतरवून घेणं, सांभाळणं, फुटतूट त्याच्याकडे असेल तर थोडे टक्के रास्त आहेत. नसेल तर फक्त बसवायची मजुरी आणि तिच्यावरचे टक्के. दर पंधरवड्याला ‘आजवर झालेला खर्च’ आणि ‘पूर्ण व्हायला लागणारा खर्च’ असे दोन्ही आकडे लेखी मागा. स्लॅब टाकून झाला की घर झाल्यासारखं दिसतं, पण वायरिंग, प्लंबिंग, फरशी, रंग, दारं-खिडक्या सगळं बाकी असतं.