मदत हवी आहे : जिप्सी जॅझसाठी गिटारचं पिक किती जाड घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गिटारवादक जँगो रेनहार्टच्या धाटणीचा जिप्सी जॅझ वाजवणारं किंवा मन लावून ऐकणारं इथे कुणी असेल, तर पिकच्या, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या पट्टीच्या, बाबतीत सल्ला हवा आहे.

माझ्याकडे सेल्मर पद्धतीची गिटार आहे. छोटं लंबगोल साउंडहोल, 670 मिमीचा स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारा चांदीचा मुलामा असलेल्या आर्जेंटिन, 11 च्या (सर्वांत बारीक तार 0.011 इंच). अ‍ॅक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, मुद्दाम जास्त ठेवली आहे, बाराव्या फ्रेटशी साधारण 3 मिमी. आम्ही तिघं मिळून वाजवतो : एक व्हायोलिन, एक रिदम गिटार आणि मी. माइक नाही, अ‍ॅम्प नाही, आणि मला तो नकोच आहे. जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांनी 1934 मध्ये पॅरिसला जो पाच जणांचा संच उभा केला, त्यात तीन गिटारी, एक व्हायोलिन आणि एक डबल बास होता. ड्रम नव्हतेच, तालाचा भार गिटारींवर. त्या गिटारीचा उघडा, थोडा कोरडा, पुढे झेपावणारा आवाज ऐकूनच मी या वाटेला लागले. तोच विजेच्या तारेतून काढायचा असेल तर माझ्यासाठी त्यात राम नाही.

अडचण अशी. नेहमीचं 0.73 मिमीचं पिक रिदमला बरं चालतं, पण सोलो सुरू झाला की व्हायोलिन मला गिळून टाकतं. जोर लावला तर पिकच वाकतं. मग 1.38 चं, लहान आकाराचं आणि टोकदार घेऊन पाहिलं. आवाज भरीव झाला, पण भरधाव रिदममध्ये ते बोटांत फिरतं आणि प्रत्येक सुराआधी 'टिक' असा बारीक आवाज येतो. शांत खोलीत तो फार टोचतो.

वाचते आहे त्यावरून या परंपरेतले वादक बरीच जाड पिकं वापरतात. नेदरलँड्सचे मिशेल वेगेन यांची 3.5 आणि 5 मिमीची पिकं सगळीकडे सुचवली जातात. फ्रान्समधली द्युगॅं कंपनी शिंग, हाड, लाकूड अशी वेगवेगळी पिकं बनवते. अमेरिकेची ब्लूचिप आणखी महाग. ही सगळी मागवायची तर डाकखर्चासकट बरीच रक्कम होते, म्हणून आधी विचारते आहे. 5 मिमीचं पिक हातात धरून वेगात वाजवता येतं? रिदमला आणि सोलोला एकच ठेवावं की दोन? आणि तो टिक आवाज जाडीमुळे येतो, टोकामुळे, की माझ्या हातामुळे?

एक गोष्ट आधीच सांगते. जँगोच्या काळी कासवाच्या कवचाची पिकं सर्रास वापरात होती आणि अजून कुणीकुणी तोच आवाज खरा म्हणून सांगतात. मलाही एकाने जुनं पिक देऊ केलं होतं. ते कवच हॉक्सबिल कासवाचं. त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत येतं. कायदा नसता तरी मी ते घेतलं नसतं. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली आहेत. ती ऑलिव्ह रिडलेची होती, पण माझा निर्णय तिथेच झाला. तेव्हा कृपया तो पर्याय सुचवू नका.

प्रतिसाद

छान धागा. या विषयावर मराठीत बोलायला कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. या शैलीत उजव्या हाताची पद्धत वेगळी आहे. तळहात ब्रिजवर (घोडीवर) टेकवायचा नाही, मनगट कमानीसारखं उचललेलं आणि सैल. वरून खाली मारलेला स्ट्रोक हवेत संपत नाही, तो खालच्या तारेवर जाऊन टेकतो. हा रेस्ट स्ट्रोक. आणि तार बदलली की नव्या तारेवरचा पहिला स्ट्रोक वरून खालीच, आधीचाही तसाच असला तरी. यात जोर बोटांचा नसतो, हाताच्या वजनाचा असतो. ते वजन तारेपर्यंत पोचवायला न वाकणारं पिक लागतं. पातळ पिक वाकण्यातच ते वजन खाऊन टाकतं, म्हणून तुम्ही जोर वाढवूनही आवाज वाढत नाही.

जँगोची डाव्या हाताची दोन बोटं 1928 च्या आगीत निकामी झाली, यावर लोक भरभरून लिहितात. पण त्याचा आवाज माझ्या मते उजव्या हातात आहे.

तर जाडी 3 च्या पुढे घ्या, बिनधास्त. 5 मिमी पहिल्यांदा हातात अवजड वाटतं, पण जाड पिक घट्ट आवळावं लागत नाही. पकड ढिली झाली की वेग आपोआप येतो. तुमचं पिक फिरतं ते लहान आणि पातळ असल्यामुळे. सुरुवात 3.5 ने करा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण नुसती जाडी सांगून भागणार नाही. कडेचा उतार जास्त महत्त्वाचा. जाड पिकची कड सरळ कापलेली असेल तर तार तिच्यावर अडखळते आणि तुम्ही म्हणता तो टिक येतो. कड तिरकी आणि गुळगुळीत असेल तर तार घसरून सुटते. वेगेनच्या पिकांना असा उतार आधीच दिलेला असतो, म्हणून ती उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळी मिळतात. मागवताना हे नक्की पाहा.

टोक गोल असेल तर तारेचा थोडा रुंद भाग एकदम दाबला जातो, वरचे बारीक स्वरांश दबतात आणि आवाज जाडसर, गोड होतो. टोकदार पिक उजळ वाजतं. यावरूनच रिदमचा प्रश्न सुटतो : दोन पिकं ठेवू नका, गाण्याच्या मध्ये बदलायला वेळ कुठे आहे? तेच पिक थोडं फिरवून त्याच्या गोल खांद्याने 'ला पोंप' (या शैलीतला रिदमचा ठेका) वाजवा, सोलोला पुन्हा टोकावर या. बरेच वादक हेच करतात.

परदेशातून मागवण्याआधी डनलॉपचं बिग स्टबी 3 मिमीचं घेऊन पाहा. आपल्याकडच्या वाद्यांच्या दुकानांत स्वस्तात मिळतं. आवाज थोडा काचेसारखा कडक आहे, मला स्वतःला कायमचा चालणार नाही, पण एवढ्या जाडीची सवय होते का ते कळेल.

प्रतिसाद

मी गिटारवाला नाही, सरोद शिकतो. तरी राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमचा जवा, म्हणजे सरोदचं पिक, करवंटीचा असतो. जाड, अजिबात न वाकणारा, आणि तारा पोलादी. 'दा' म्हणजे वरून खाली, तोच मुख्य आघात, आणि सगळं काम मनगटाचं. वरचं वर्णन वाचून मला घरचंच काही वाचतोय असं वाटलं. तुम्हाला कवचासारखं नैसर्गिक काही हवं असेल तर करवंटी वापरून पाहाच. जुन्या, पक्क्या नारळाची घ्या, कोवळ्याची नको. कानशीने आकार द्या, मग पॉलिश पेपर जाड्यापासून बारीकपर्यंत, शेवटी जाड सुती कापडावर घासा. कडा इतक्या गुळगुळीत हव्यात की नखावर फिरवल्या तर अडकू नयेत. वापराने टोक झिजतं, मग पुन्हा घासायचं. पकडायच्या बाजूला थोडं मेण लावलं तर घाम आला तरी निसटत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या सरावात मुद्दाम तळहात उचलून, रेस्ट स्ट्रोकने, त्याच जुन्या 1.38 च्या पिकने वाजवलं. टिक गेला नाही, पण सूर नक्की मोठा झाला, व्हायोलिनवाल्यानेही ते आपणहून सांगितलं. म्हणजे हात आणि कड, दोन्हींवर काम आहे.

आधी 3 मिमीचं घेते आणि त्याच्या कडेला पॉलिश पेपरने उतार देऊन पाहते. ते जमलं तर 3.5 चं वेगेन मागवेन. करवंटीचा प्रयोग मात्र याच आठवड्यात. सरोदवाल्यांना एक विचारायचं आहे : मिरजेत तंतुवाद्यांची इतकी दुकानं आहेत, तिथे तयार जवा सुटा मिळेल का? आणि मिळाला तर तो किती जाडीचा असतो? करवंटी आतून वक्र असते, तो बाक तसाच ठेवता की घासून सपाट करता?