संकट सुरू असतानाचा आनंद : तुमचे अनुभव लिहा

येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र (बायबलमधलं ‘फिलिप्पैकरांस’) लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. आपण सुटणार की मरणार, हेही त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो लिहितो, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ सुटका झाल्यावर आनंद कुणालाही होईल. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. आजारपण, मृत्यू, बेकारी, एकटेपणा हे सगळं चालू असतानाच ख्रिस्ती विश्वासाने तुम्हाला आनंद दिला का? जगायला काही कारण दिलं का? दिलं असेल तर नेमकं कसं, ते लिहा. नसेल दिलं तर तेही लिहा. विनंत्या दोनच: नुसती वचनांची माळ नको, आणि औषध बंद करायचा सल्ला कुणालाही नको. नावं लिहू नका, आपण कोण एवढं सांगितलं तरी पुरे.

पत्नी

ह्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, शब्द मात्र निघायचा नाही. पाणी हवं असलं तरी ‘ते... ते...’ करत राहायचे आणि मग चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्या दिवसांत मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. एका संध्याकाळी, निव्वळ सवयीने, त्यांच्या उशाशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. ‘तुझे राज्य येवो’पर्यंत आले आणि जाणवलं, आणखी एक आवाज येतोय. जड, घोगरा, पण शब्द स्पष्ट. ‘आमेन’पर्यंत ते कुठेही अडखळले नाहीत. मग एकमेकांकडे बघत आम्ही जे हसत सुटलो, ते थांबेचना.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं की यात चमत्कार काही नाही. लहानपणापासून पाठ असलेलं किंवा चालीवर म्हटलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, त्यामुळे डाव्या बाजूला इजा झाली तरी ते बऱ्याचदा शाबूत राहतं. त्यांनी उपचारातही त्याचा उपयोग केला: आधी गीताची ओळ, मग त्याच चालीवर ‘पाणी दे’. चमत्कार नसल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, कुणीतरी दटावून पाठ करून घेतलेली प्रार्थना इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज घेऊन येते, एवढं मला पुरतं. ते पूर्ण बरे नाहीत. ‘तू’ आणि ‘मी’ची अजून अदलाबदल होते. पण संध्याकाळची प्रार्थना आता तेच सुरू करतात, मी मागून म्हणते.

एक आई

माझं बाळ जन्मायच्या आधीच गेलं. भेटायला आलेल्या बहुतेकांनी मला देवाची योजना समजावून सांगितली. एक बाई तर म्हणाल्या, देवाला सुंदर फुलं लागतात. असं बोलणाऱ्यांनी कृपा करून बायबलमधल्या ईयोबाचा दुसरा अध्याय वाचावा; त्याची मुलंबाळं आणि सगळं काही गेलेलं असतं. त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, चकार शब्द बोलले नाहीत. तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

मला धरून ठेवलं ते ८८व्या स्तोत्राने. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही, अंधारातच संपतं. असली प्रार्थनाही पवित्र शास्त्रात आहे, म्हटल्यावर मला देवापुढे खोटं हसत उभं राहायची गरज उरली नाही. आनंद फार नंतर आला आणि दुःखाला सोबत घेऊनच आला. आता मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणाचं बाळ गेलं की पाळक (धर्मगुरू) मला कळवतात. मी जाते, बसते. धुणं पडलेलं असलं तर वाळत घालते. बाळाचं नाव ठेवलं होतं का, एवढंच विचारते. बहुतेकींनी ठेवलेलं असतं, आणि ते कुणी विचारलेलं नसतं.

नोकरी गेलेला

ताई, न बोलण्याचं तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के पटलं. माझ्या वाट्याला एलीया आला. बायबलमधलं ‘पहिलं राजे’ हे पुस्तक, अध्याय १९. एवढा मोठा संदेष्टा रानात झाडाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. आमच्या पाळकांनीही तेच केलं. झोप लागते का, जेवतोस का, असं विचारलं. प्रार्थना केली आणि मग स्वतः मला मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेले. गोळ्या अजून चालू आहेत. गोळ्या म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालंच तर मी एलीयाकडे बोट दाखवतो.

पुढे त्यांनी मंडळीच्या दानाचा हिशेब माझ्याकडे सोपवला. पगार शून्य. पण कुणीतरी पैशाच्या बाबतीत माझ्यावर भरवसा टाकतंय, हे त्या काळात पगारापेक्षा मोठं होतं. एका रविवारी नोटा मोजताना मी शीळ घालत होतो म्हणे. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं.

शेवटच्या बाकावरचा

मला अजून आनंद वगैरे काही झालेला नाही. बायको जाऊन बराच काळ लोटला. उपासनेला जातो, शेवटच्या बाकावर बसतो, गीतं सुरू झाली की तोंड मिटून घेतो. वरचं वाचून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

नोकरी गेलेला

काका, त्या बाकावर आम्ही बरेच आहोत. येत राहा.

डायलिसिसवरची

आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. एक हात यंत्राला, तो हलवायचा नाही. सुरुवातीला छताकडे बघत, मी आता कुणाच्या काय उपयोगाची, हेच मनात चालायचं. एका मैत्रिणीने सहज म्हटलं, तुझ्याकडे एवढा वेळ आहे तर माझ्या मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना कर. तिथून यादी सुरू झाली. मोकळ्या हाताने फोनवर नाव लिहिते, पुढे काय हवंय ते लिहिते, आणि एकेकासाठी प्रार्थना करत खाली जाते. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा ख्रिस्ती नाहीत, पण रक्तदाब उतरला की तेच म्हणतात, माझं नाव वर घे.

पंडिता रमाबाई मला यासाठीच जवळच्या वाटतात. आईवडील दुष्काळात गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, पण बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी हातचं सोडलं नाही. माझी यादी त्यापुढे काहीच नाही. पण माझ्या अंगाला झेपेल असं काम ते हेच, आणि हल्ली चार तास अपुरे पडतात, हे खरं आहे.

वर लिहिलेल्या काकांचं नाव माहीत नाही, म्हणून यादीत ‘शेवटचा बाक’ असं लिहिलंय. चालेल ना?

शेवटच्या बाकावरचा

चालेल. जमलं तर गुडघ्याचंही सांगा, सध्या तोच जास्त छळतोय.